टायरचा गाल : खोलगट की फुगलेला?

भगिनींनो, गाडीचा टायर हा आपला प्रांत नव्हे, असं आपल्यातल्या पुष्कळजणी धरूनच चालतात. पेट्रोल, हवा, पंक्चर ही सगळी 'यांची' खाती! पण गणपतीला गावी निघाल्यावर मुलंबाळं, डबे नि पूजेचं सामान घेऊन त्याच गाडीत आपणही बसतो, नाही का? मग चार टायरांवरून एकदा हात फिरवायला काय हरकत आहे? पाच मिनिटांचं काम आहे, आणि कणीक मळणाऱ्या हाताला ते फार चांगलं जमतं.

दिव्यात कोकणातली कुटुंबं पुष्कळ. दिवा–सावंतवाडी गाडीला सणाच्या दिवसांत पाय ठेवायला जागा मिळत नाही, म्हणून कुणी जुनी का होईना, पण स्वतःची गाडी घेतात. ती वर्षभर शीळ रोडवर, काटई नाक्याकडे, कल्याणला जा-ये करते. पावसाळ्यात तिथले खड्डे पाण्याने भरलेले असतात. खोली किती ते चाक आत आपटल्यावरच कळतं. असा एक दणका बसला, की टायरच्या आत काय झालं ते वरून लगेच दिसत नाही. कधी आठ-पंधरा दिवसांनी बाजूला काहीतरी वर आलेलं दिसतं, आणि घरात वाद सुरू होतो : "काही नाही गं, चालतं!"

चालतं की नाही, ते ठरवायचं कसं, ते आता पाहू.

टायरचा रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग जाड असतो. त्याच्या आणि लोखंडी रिमच्या मधली बाजू, जिच्यावर कंपनीचं नाव असतं, तिला गॅरेजवाले साईडवॉल म्हणतात. आपण तिला टायरचा गाल म्हणू. हा गाल पातळ असतो, कारण चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला त्याला दबायचं नि पुन्हा सरळ व्हायचं असतं. त्याचा खरा जोर रबरात नसून आतल्या धाग्यांत असतो. मोटारीच्या टायरमध्ये हे बहुधा पॉलिस्टरचे धागे असतात, रिमच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ताणलेले. रबर हवा कोंडून ठेवतं, पण त्या हवेचा जोर पेलतात ते धागे.

आता पुष्कळ टायरांच्या गालावर एखादी उभी, खोलगट रेघ दिसते. रिमपासून नक्षीकडे जाणारी, जरा आत दबल्यासारखी. ती पाहून जीव धसकतो. पण तिला घाबरू नका. टायर तयार करताना धाग्यांचा पट्टा गोल गुंडाळून त्याची दोन टोकं एकावर एक चढवून जोडतात. आपल्या आज्या जुन्या लुगड्याला दंड घालायच्या, तेव्हा शिवणीवर कापड दुहेरी व्हायचं, आठवतं? तसंच हे. हवा भरली की आजूबाजूचा गाल थोडा ताणतो, दुहेरी जागा तेवढी ताणत नाही, म्हणून तिथं घळ दिसते. हवा कमी असली की ती पुसट होते, जास्त असली की उठून दिसते. ती जागा कमजोर नाही, उलट बळकटच. मात्र त्या घळीतच चीर असेल, किंवा दणका बसल्यावर ती नव्याने दिसू लागली असेल, तर टायरवाल्याला दाखवा.

फुगा आला, तर गोष्ट निराळी. उशीची आतली खोळ फाटली आणि वरचा अभ्रा शाबूत राहिला, तर कापूस एका जागी येऊन गोळा होतो, तसं टायरचं होतं. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये गाल चिमटला जातो, आतले धागे तुटतात, आणि तेवढ्या जागी हवा वरच्या नुसत्या रबराला बाहेर ढकलू लागते. लिंबाएवढा असो की सुपारीएवढा, फुगा म्हणजे धागे तुटलेले. तो पूर्वसूचना न देता फुटू शकतो, आणि वेगात फुटला तर गाडी हातात राहत नाही.

लहान फुगा चालतो नि मोठा चालत नाही, असा काही नियम नाही. "महिनाभर तसाच फिरतोय" याचाही उपयोग नाही. तुटलेले धागे पुन्हा जुळत नसतात. आतून पॅच मारला तरी ताकद परत येत नाही, म्हणून गालावरची दुरुस्ती नकोच. आणि फुगा दिसू नये म्हणून हवा कमी ठेवणं हा तर घातकच उपाय, कारण मऊ टायर जास्त दबतो, जास्त तापतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला ९४ वा नियमही हेच सांगतो : टायरचा एखादा भाग सुजलेला वा बेढब झाला असेल किंवा आतलं कापड उघडं पडलं असेल, तर तो टायर सुस्थितीतला धरला जात नाही. घरात वाद झालाच, तर हा नियम पुढे करा, बरं का!

तपासायचं असं. सकाळी, गाडी थंड असताना, सपाट जागेवर. तळहात गालावर सपाट ठेवून गोल फिरवा. डोळ्याला न दिसलेला उंचवटा हाताला लागतो. जमिनीला टेकलेल्या ठिकाणी टायर थोडा पसरलेला असतो, तो फुगा नव्हे. म्हणून गाडी अर्धा फेरा पुढे ढकलायला लावून पुन्हा बघा. रबराचे बारीक केस नि उठावाची अक्षरं ही साच्यातून आलेली असतात. आतली बाजू विसरू नका, फुगा तिकडेही येतो. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग पूर्ण वळवायला सांगा, मागच्यांसाठी मोबाईलचा उजेड पुरतो. स्कूटीच्या टायरलाही हेच सगळं लागू.

बारीक केसासारख्या भेगा उन्हाने, वयाने पडतात, लक्ष ठेवा. भेगेत नख शिरत असेल किंवा धागा दिसत असेल, तर टायर बदला. वय गालावरच लिहिलेलं असतं : शेवटचे चार आकडे ३४२१ असतील, तर २०२१ सालचा ३४ वा आठवडा. कधी हे आकडे आतल्या बाजूला असतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणत्याला दाखवावा, आणि दहा वर्षांचा टायर नक्षी शाबूत असली तरी वापरू नये.

नागपूर–शिर्डी समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, आणि ५ जून २०२५ पासून तो आपल्याजवळच्या भिवंडी तालुक्यात, आमणेपर्यंत आला आहे. तिथं मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा. शीळ रोडवर रखडत जाणाऱ्या गाडीचा फुगा कदाचित तग धरेल; तिथं तासन्‌तास तापल्यावर धरेलच असं नाही. २०२३ साली परिवहन खात्याच्या लोकांनी या रस्त्यावर टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या होत्या, ते उगीच नव्हे.

फुगा सापडला तर तो टायर काढून स्टेपनी लावायला सांगा आणि हळू चालवत टायरवाल्याकडे जा. (हा 'स्टेपनी' शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथं १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला सुरुवात झाली. आपल्याकडे त्याला नसते अर्थ चिकटले, तो भाग निराळा!) पण त्याआधी स्टेपनीवरूनही हात फिरवा. डिकीत वर्षानुवर्षं पडून राहिलेली, हवा गेलेली स्टेपनी ऐनवेळी दगा देते. छोट्या गाडीचा टायर साधारण ३ ते ६ हजारांना पडतो. बिल जपून ठेवा. खड्ड्याचा मार सहसा कंपनीच्या हमीत बसत नाही, पण बनावटीतला दोष निघाला तर बिलाशिवाय कुणी दाद देणार नाही. आणि ही तपासणी निघायच्या आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी करा; गणपतीच्या तोंडावर टायरवाल्याकडे रांग असते आणि तुमच्या मापाचा टायर नेमका संपलेला असतो.