शिलकी अंदाजपत्रकातली लपलेली तूट

दर फेब्रुवारीत महापालिकेच्या अंदाजपत्रकाची बातमी येते आणि तिच्यात ‘शिलकी’ हा शब्द हमखास असतो. त्याचे कारण कायद्यात आहे. केंद्र आणि राज्य सरकार तुटीचे अंदाजपत्रक मांडू शकतात, महापालिकेला ती मुभा नाही. जमाखर्च जुळवून वर थोडी शिल्लक दाखवावीच लागते. तेजीच्या काळात हे निभावून जाते. मंदीत मात्र उत्पन्न आटते आणि नेमका त्याच वेळी खर्च वाढतो.

2020-21 हे साल आठवून पाहा. मुंबई महापालिकेने त्या वर्षी सुमारे 28,448 कोटी रुपयांचे महसुली उत्पन्न धरले होते. सुधारित अंदाजात ते 22,572 कोटींवर आणावे लागले. सर्वांत मोठा खड्डा विकास नियोजन खात्यात पडला. जादा चटईक्षेत्राचे अधिमूल्य आणि विकास शुल्क बिल्डर भरतो ते इमारत उभी राहणार असेल तरच. टाळेबंदीत बांधकामे थांबली आणि 3,879 कोटींची अपेक्षा 1,200 कोटींवर आली. मालमत्ता कराचा अंदाजही 6,768 कोटींवरून 4,500 कोटींवर उतरला. त्याच महिन्यांत वरळी, गोरेगाव, मुलुंड, दहिसर इथे जम्बो कोविड केंद्रे उभी करायची होती. सफाई कामगारांचे पगार, पाणीपुरवठा, रुग्णालयातली औषधे यांतले काहीच थांबवता येत नव्हते.

मुंबईच्या गाठीला हजारो कोटींच्या मुदत ठेवी होत्या. त्यातला बराच भाग कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचा, निवृत्तिवेतनाचा आणि ठेकेदारांच्या अनामत रकमांचा असला, तरी पाठीशी काहीतरी होते. बहुतेक महापालिकांकडे एवढाही आधार नसतो. अशा वेळी मागे ढकलता येण्याजोगे सगळे मागे ढकलले जाते: ठेकेदारांची बिले, शाळांची डागडुजी, जलवाहिनी बदलण्याचे काम. मार्चअखेर चुकती न केलेली देणी ‘दायित्व’ म्हणून पुढच्या वर्षाच्या माथी बसतात. खरी तूट ही आहे, आणि शिलकीच्या आकड्यात ती दिसत नाही. त्यात आयुक्तांच्या आकड्यांवर स्थायी समितीने आणखी काही कोटी चढवायची रीत जुनी. उत्पन्न कागदावर वाढते, त्या जोरावर प्रभागातली कामे मंजूर होतात, आणि वसुली होत नाही.

शहरांच्या हातात स्वतःचे असे किती उरले आहे, हेही पाहायला हवे. शहरात येणाऱ्या मालावरची जकात हा महापालिकांचा कणा होता. 2013 पर्यंत मुंबई वगळता तिच्या जागी स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला. ऑगस्ट 2015 मध्ये 50 कोटींखालच्या उलाढालीचे व्यापारी त्यातून वगळले गेले. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि मुंबईचे जकात नाकेही बंद झाले. बदल्यात राज्याने कायदा करून भरपाई देऊ केली: 2016-17 हे पायाभूत वर्ष आणि दरवर्षी 8 टक्के वाढ. मुंबईला पहिला धनादेश सुमारे 647 कोटींचा मिळाला.

या भरपाईला नावे ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट मान्य करायला हवी. 2020 मध्ये जकात असती, तर ट्रक थांबल्याबरोबर तीही थांबली असती. भरपाई ठरलेल्या सूत्राने मिळायची होती. पण हा आधार राज्याच्या तिजोरीवर उभा आहे आणि ती तिजोरीही मंदीतून सुटत नाही. मे 2020 मध्ये राज्यानेच विकासकामांचा निधी 33 टक्क्यांवर आणला आणि नोकरभरती थांबवली. शिवाय शहराची बाजारपेठ कितीही वाढली तरी भरपाई वाढणार ठरलेल्या 8 टक्क्यांनीच. 74व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी 18 कामे लिहिली. त्यांच्या हक्काच्या करांची तशी यादी मात्र दिली नाही.

उरतो मालमत्ता कर. मंदीतही घरे जागेवरच असतात, म्हणून हा कर बांधकामाच्या अधिमूल्यापेक्षा कितीतरी भरवशाचा. मुंबईत तो ज्यावर आकारतात ते भांडवली मूल्य दर पाच वर्षांनी सुधारायचे असते. 2020 मधली सुधारणा कोविडमुळे पुढे ढकलली गेली. त्या वर्षी ते समजण्यासारखे होते, कारण घराघरांत पगार कापले गेले होते. पण ही दुरुस्ती चांगल्या वर्षांतही टाळली जाते. अशा वर्षांत ती थोडी थोडी करत राहिली आणि थकबाकी वसूल झाली, तर पुढच्या मंदीत बिले रखडून ठेकेदाराकडच्या सफाई कामगाराचा पगार अडणार नाही.