हेल्मेटवरून उडालेला झेल

अकोल्याच्या जठारपेठेतून एका वाचकांचं पत्र आलंय. त्यांचा भाचा न्यू जर्सीत असतो, त्याला बेसबॉलचं वेड. ऑक्टोबर लागला की त्याचे फोन सुरू होतात आणि रडगाणं दरवर्षी तेच: सहा महिने सगळ्यांना लोळवत आलेला संघ बाद फेरीत आठवड्याभरात घरी बसला. पत्रातला प्रश्न त्यांच्याच शब्दांत देतो. "मंग एकशे बासष्ट मॅची खेळून मतलब काय झाला भाऊ? कोन चांगला हे तं आधीच ठरलं होतं ना!"

बेसबॉल मला जेमतेम समजतो. पण प्रश्न चांगला समजतो, कारण फेब्रुवारी २०२५ मध्ये तो आपल्याच दारात येऊन उभा राहिला होता.

त्या वर्षी रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात विदर्भासमोर केरळ होता. केरळ तिथवर कसा पोचला ते आठवा. उपांत्यपूर्व सामना पुण्याजवळ गहुंज्याला, समोर जम्मू-काश्मीर. जम्मू-काश्मीरच्या पहिल्या डावात २८० धावा, केरळच्या २८१. सामना अनिर्णित, म्हणजे पहिल्या डावातल्या आघाडीवर निकाल. एका धावेने केरळ पुढे गेला, तोही सलमान निझार आणि बासिल थंपी या शेवटच्या जोडीने ८१ धावा जोडल्या म्हणून. मग उपांत्य सामना अहमदाबादला, गुजरातशी. केरळच्या ४५७. पाचव्या दिवशी गुजरातची शेवटची जोडी मैदानात, आघाडीला तीन धावा हव्यात. अर्झान नागवासवालाने जोरकस फटका मारला, चेंडू शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या त्याच सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळला, उंच उडाला आणि पहिल्या स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात जाऊन पडला. गुजरात ४५५ वर सर्वबाद, दोन धावांनी केरळ अंतिम फेरीत. गोलंदाज कोण? आपल्या नागपूरचा आदित्य सरवटे, त्याच हंगामात केरळकडे गेलेला.

आणखी एक गंमत. क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटला लागून आलेला झेल पूर्वी बाद धरत नसत; २०१७ च्या नियमावलीत तो बाद ठरला. म्हणजे केरळच्या इतिहासातली पहिली रणजी फायनल ही निझारचं डोकं, हेल्मेटचा गोलावा आणि लंडनमधल्या एका नियम-समितीची बैठक यांची बेरीज होती. चेंडू दोन बोटं वर लागला असता तर अंतिम सामन्याला जामठ्याच्या मैदानावर गुजरात उतरला असता आणि आपण गुजरातच्या "लढाऊ वृत्ती"वर लेख वाचले असते.

केरळला कमी लेखायचा हेतू नाही. सांगायचं एवढंच की बाद फेरी हे फार आखूड माप आहे. आखूड मापाने मोजलं की चकित व्हायची पाळी येणारच, आणि ते चकित होणं किती असावं याचाही हिशेब मांडता येतो.

भाच्याच्या खेळात हा हिशेब फार चांगला दिसतो, कारण तिथे साखळी अवाढव्य आणि बाद फेरी चिमुकली. २०२३ साली अटलांटाने १६२ पैकी १०४ सामने जिंकले, बाल्टिमोरने १०१, लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी १००. बाद फेरीत या तिघांनी मिळून जिंकला एक सामना! अंतिम फेरीत खेळले ९० विजयांचा टेक्सास आणि ८४ विजयांचा ॲरिझोना. २००१ मध्ये सिॲटलने ११६ सामने जिंकले होते, आणि तो संघ अंतिम फेरी पाहू शकला नाही.

हे कोडं पहिल्यांदा नीट सोडवायला बसला तो माणूस माझ्या फार आवडीचा आहे. फ्रेडरिक मोस्टेलर, हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ. बोस्टन रेड सॉक्सचे पाठीराखे. १९४६ मध्ये त्यांचा संघ १०४ विजय खिशात घालून वर्ल्ड सिरीजला गेला आणि सेंट लुइसकडून ३-४ असा हरला. तुम्ही-आम्ही टीव्ही बंद केला असता, किंवा त्या काळचा रेडिओ. मोस्टेलरांनी कागद घेतला. आजवरच्या किती मालिका ४-० सुटल्या, किती ४-१, किती सातव्या सामन्यापर्यंत रेंगाळल्या, हे मोजलं आणि त्यावरून उलटा हिशेब केला. १९५२ साली त्यांचा निबंध अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात आला. निष्कर्ष असा की सरस संघ एखादा सामना जिंकण्याची शक्यता साधारण ६५ टक्के, आणि सात सामन्यांची मालिका जिंकण्याची ८० टक्के. म्हणजे पाच वर्षांतून एकदा चषक चुकीच्या घरी जातो.

कोणत्या वर्षी, ते मात्र सांगता येत नाही. पाच पोरांतल्या एकाने कॉपी केली हे मास्तरांना पक्कं ठाऊक, पण कुणी केली ते कधीच कळायचं नाही, तसली ही अवस्था. मोस्टेलरांच्या लाडक्या रेड सॉक्सवर १९४६ मध्ये अन्याय झाला की ते खरोखरच कमी पडले, हे त्यांच्या स्वतःच्या गणितानेही त्यांना सांगितलं नाही. निबंधातली ही जागा मला सगळ्यात प्रामाणिक वाटते.

६५ टक्के ही तशी भरपूर तफावत. दोन संघांत फरक ५५-४५ एवढाच असेल, तर सातांच्या मालिकेत सरस संघ जिंकण्याची शक्यता ६१ टक्क्यांवर येते. एकाच सामन्यात निकाल असेल तर अर्थातच ५५. रणजीत उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असे तीन सामने सलग जिंकावे लागतात. समजा तुमचा संघ इतका दांडगा की प्रत्येक सामना जिंकायची शक्यता ७० टक्के. तीनदा गुणा: ३४ टक्के. म्हणजे सगळ्यांना वाटतं "हेच नेणार", आणि दर तीनातून दोनदा ते नेत नाहीत. टीव्हीवर सामना सुरू असताना कोपऱ्यात "विजयाची शक्यता ८७ टक्के" अशी पट्टी झळकते ना, तिच्यामागे कोणती मोस्टेलरी मेहनत आहे हे वाहिनी कधी सांगत नाही. मी ती पट्टी भेळेच्या कागदावरच्या भविष्याइतकीच गांभीर्याने वाचतो.

आयपीएलच्या आखणीकारांना हे गणित कळलेलं दिसतं. पहिल्या दोन संघांना हरल्यावरही एक संधी मिळते. बाद फेरीतले चारही संघ अगदी तोडीस तोड आहेत, प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक, असं धरा. तरी पहिल्या दोघांना चषकाची शक्यता प्रत्येकी साडेसदतीस टक्के आणि तिसऱ्या-चौथ्याला प्रत्येकी साडेबारा. तिप्पट! २७ मे २०२५ ला लखनौत बंगळुरूला त्या पहिल्या दोनांत शिरायचं होतं आणि समोर २२८ धावांचं लक्ष्य होतं. त्या दिवशी कर्णधारपद सांभाळणाऱ्या आपल्या अमरावतीच्या जितेश शर्माने ३३ चेंडूंत नाबाद ८५ ठोकल्या. मधे ४९ वर असताना त्याचा झेल उडाला होता, पण तो नो-बॉल निघाला. आठवड्याने बंगळुरूने पहिल्यांदा चषक उचलला, अंतिम सामना सहा धावांनी जिंकून. राखीव संधी वापरायची वेळ आलीच नाही, हे खरं. पण ती खिशात होती, आणि ती तिथे अमरावतीच्या माणसाने घातली होती. राजकमल चौकात या खेळीच्या षटकारांबद्दल बोलणारे पुष्कळ. साडेबाराचे साडेसदतीस झाले याबद्दल कुणी बोलल्याचं ऐकलं नाही.

खरं तर आखूड मापाचा धोका वऱ्हाडाला क्रिकेटच्या आधीपासून माहीत आहे. कपाशीच्या दोन वाणांत सरस कोणता? एक वाण या तासात, दुसरा त्या तासात लावला आणि एकाने जास्त बोंडं दिली, तर काय सिद्ध झालं? एक बांधाकडे असेल, एकाखाली काळी माती खोल असेल, एकावर डुकरं फिरली असतील. म्हणून अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर एकच वाण अनेक वाफ्यांत, तेही चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या जागी, पुन्हा पुन्हा लावतात. पोरं त्याला रेप्लिकेशन म्हणतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री "पानसे-सुखात्मे" उघडून बसतात.

ही जोडी दोन माणसांची आहे हे त्यातल्या कितींना ठाऊक असतं, देव जाणे. विनायक गोविंद पानसे यांनी इंदूरच्या संशोधन संस्थेत कपाशीवर काम केलं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. दोघांचं शेतीसंशोधनातल्या संख्याशास्त्रावरचं पुस्तक १९५४ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने काढलं आणि देशभरातल्या कृषी महाविद्यालयांत ते गीतेसारखं ठेवलं गेलं. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचं नाव शाळकरी पोरही सांगतं. याच महालनोबिसांशी सुखात्म्यांनी पीक कापणीच्या प्रयोगावरून रीतसर वाद घातला होता, हे आपण विसरलो. महालनोबिस लहान वाफ्यांच्या बाजूचे: लहान वाफा स्वस्त, भरपूर घेता येतात. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की वाफा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं. कारण अगदी मानवी आहे. दोरी लावली की काठावरचं झाड आत की बाहेर, असा प्रश्न येतो आणि कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. वाफा जितका लहान, तितका त्यात काठच जास्त.

आज पीकविम्याची भरपाई महसूल मंडळातल्या मोजक्या कापणी प्रयोगांवर ठरते, तेव्हा शेतकरी खुंटी कुठे रोवली यावरून भांडतो. त्याला हेकेखोर म्हणणाऱ्यांनी आधी सुखात्मे वाचावेत.

सुखात्म्यांनी दाखवलेली चूक एकाच दिशेला झुकणारी, तर बाद फेरीतली दोन्हीकडे डुलणारी. हा फरक मला मान्य आहे. पण दोन्हींचं मूळ लहान तुकड्यावर मोठा निकाल लावण्यात आहे. शेतात तरी आपण कारण म्हणून बांध दाखवतो. मैदानात कारण नसलं तर आपण गोष्ट रचतो. तेव्हा विदर्भाकडून खेळणारा करुण नायर घ्या. २०२४-२५ च्या विजय हजारे स्पर्धेत अंतिम सामन्यापूर्वी सात डावांत ७५२ धावा, बाद एकदाच. सरासरी ७५२! मग वडोदऱ्याच्या अंतिम सामन्यात २७ वर त्रिफळा, विदर्भ कर्नाटककडून ३६ धावांनी पराभूत. लगेच निदान झालं: मोठ्या सामन्याचा दबाव. अहो, ७५२ ची सरासरी ज्याची आहे त्याला खाली येण्यावाचून दुसरी दिशाच उरलेली नसते. उंच बापाची पोरं सरासरीने बापाहून बुटकी निघतात, हे गाल्टनने १८८६ मध्येच मांडून ठेवलंय, आणि त्यात पोरांवर कसला दबाव नसतो. महिनाभराने रणजीच्या अंतिम सामन्यात, त्याहून मोठ्या मंचावर, याच नायरने ८६ आणि १३५ केल्या. दबाव कुठे गेला होता?

याच नायरने डिसेंबर २०१७ मध्ये ईडन गार्डन्सवर कर्नाटकाकडून विदर्भाविरुद्ध १५३ केल्या होत्या. तो उपांत्य सामना विदर्भाने पाच धावांनी जिंकला. कर्नाटकाला १९८ हव्या होत्या. विदर्भाच्या रजनीश गुरबानीने सात बळी घेतले आणि कर्नाटक १९२ वर थांबलं. मग इंदूरला दिल्लीला नऊ गडी राखून हरवून, १९५७ पासून खेळणाऱ्या विदर्भाने पहिला करंडक आणला. चंद्रकांत पंडितांची शिस्त, फैज फजलचं नेतृत्व, वसीम जाफरचा अनुभव, यांवर रकाने भरले. सगळं खरंच होतं. ईडनवर कर्नाटकाच्या बॅटची कड दोनदा लागून चेंडू सीमापार गेला असता, तरीही ते तितकंच खरं राहिलं असतं. फक्त कुणी लिहिलं नसतं.

म्हणून मी विदर्भाच्या बाजूने पुरावा देताना २०१७ चा करंडक दाखवत नाही, आणि २०२५ चा तर नाहीच. तो सामना अनिर्णित राहिला आणि करंडक ३७ धावांच्या आघाडीवर मिळाला. मी दाखवतो ते दुसरं. त्या हंगामातल्या साखळीत सातपैकी सहा विजय. आणि २०१७-१८ पासून २०२४-२५ पर्यंत झालेल्या सात रणजी हंगामांत चार वेळा अंतिम फेरी, त्यात तीन करंडक. हे झालं रेप्लिकेशन. वाफा बदलला, मातीचा रंग बदलला, शेजारचं पीक बदललं, आणि वाण पुन्हा पुन्हा वर आला. पानसे-सुखात्म्यांनी यावर सही केली असती.

जठारपेठेतल्या वाचकांना उत्तर म्हणून एवढंच कळवतो: कोण चांगला ते एकशे बासष्ट मॅचींत बऱ्यापैकी कळलेलंच असतं, ऑक्टोबर ही जत्रा आहे. भाच्याला तरीही मालिकाच हवी असेल तर ५५-४५ चा फरक ९५ टक्के खात्रीने दाखवायला २६९ सामन्यांची मालिका लागेल. रणजी बाद फेरीच्या पाचदिवसीय हिशेबाने हे १,३४५ दिवस झाले. मृगाला पहिला चेंडू टाकला तर निकाल लागेस्तोवर चौथ्या वर्षाची पऱ्हाटी उपटायला आलेली असेल.