पक्षादेशापलीकडची मते : अमेरिकेतील संपदा कराचे एक दशक

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ४ जुलै २०२५ रोजी ज्या विस्तृत विधेयकावर स्वाक्षरी केली, त्यावरील गदारोळात संपदा कराचे कलम झाकून गेले. संपदा कर म्हणजे मृत व्यक्तीच्या एकूण मालमत्तेवर, ती वारसांच्या हाती पडण्यापूर्वी, आकारला जाणारा केंद्रीय कर. या कराची सूट २०२६ पासून एका व्यक्तीमागे दीड कोटी डॉलर आणि पतिपत्नी मिळून तीन कोटी डॉलर करण्यात आली आणि तिला मुदतही ठेवलेली नाही. सिनेटमध्ये समसमान मते पडल्यावर उपराष्ट्राध्यक्षांच्या मताने विधेयक तरले. सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाच्या तीन सदस्यांनी विरोधात मत दिले खरे. परंतु सुझन कॉलिन्स आणि थॉम टिलिस यांचा आक्षेप प्रामुख्याने गरिबांच्या आरोग्ययोजनेतील कपातीला होता, तर रँड पॉल यांचा वाढत्या सरकारी कर्जाला. वारशाने मिळणाऱ्या अफाट संपत्तीवरचा कर नावापुरता उरत आहे, या कारणासाठी त्या बाकांवरून कोणी पक्षाविरुद्ध उभे राहिले नाही. या शतकाचे पहिले दशक ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे मौन बोचल्याशिवाय राहत नाही.

हा कर १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या छायेत, सुरू झाला. १९४१ पासून १९७६ पर्यंत त्याचा सर्वोच्च दर ७७ टक्के होता आणि त्या साडेतीन दशकांत त्याविषयी सांगण्याजोगे फारसे काही घडले नाही. रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत दर उतरले, सूट वाढली, तरी कर हवा की नको हा प्रश्न ऐरणीवर आला तो १९९० नंतर, आणि त्याची खरी कसोटी २००० ते २०१० या दशकात लागली.

जून २००० मध्ये प्रतिनिधिगृहाने हा कर टप्प्याटप्प्याने रद्द करणारे विधेयक २७९ विरुद्ध १३६ मतांनी संमत केले, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाच्या ६५ सदस्यांनी स्वपक्षीय राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या विरोधात मत दिले. क्लिंटन यांनी नकाराधिकार वापरला आणि तो मोडून काढण्यास लागणारे दोनतृतीयांश बहुमत सप्टेंबरमध्ये मिळू शकले नाही. या बंडखोरांपैकी अनेकांनी कौटुंबिक शेती वाचवण्याचे कारण पुढे केले होते. वस्तुतः त्या काळी शंभर मृत्यूंमागे जेमतेम दोघांच्या मालमत्तेला हा कर लागू पडत असे, आणि २००१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने चौकशी केली असता, या करापायी शेत विकावे लागल्याचे एकही उदाहरण शेतकऱ्यांच्या सर्वांत मोठ्या संघटनेला देता आले नाही. शेतकऱ्याला पुढे करून धनाढ्यांचे वारसे राखण्याची ही युक्ती त्या वेळीच उघडी पडली होती. तरीही ती आजतागायत चालते, हे त्या वादाचे सर्वांत खेदजनक फलित होय.

पुढच्याच वर्षी जॉर्ज बुश यांचा करकपातीचा कायदा आला. सिनेटमध्ये एरवी प्रदीर्घ चर्चेने विधेयक अडवून धरता येते आणि ती चर्चा थांबवण्यास साठ मते लागतात. या पद्धतीला फिलिबस्टर म्हणतात. अर्थसंकल्पाशी निगडित विधेयक मात्र साध्या बहुमताने नेता येते, पण त्याने ठरावीक मुदतीनंतरची तूट वाढवता कामा नये, असा बर्ड नियम आहे. म्हणून २००१ च्या कायद्यात एक चमत्कारिक वेळापत्रक आले : सूट वाढत जाऊन २००९ मध्ये पस्तीस लाख डॉलर व्हावी, २०१० मध्ये कर पूर्ण नाहीसा व्हावा आणि २०११ मध्ये जुन्या ५५ टक्के दराने परतावा. बारा डेमोक्रॅटिक सिनेटरांनी बुश यांना साथ दिली, तर रिपब्लिकनांपैकी जॉन मॅकेन आणि लिंकन चेफी या दोघांनीच विरोध नोंदवला. चेफी हे ऱ्होड आयलंडमधील जुन्या श्रीमंत घराण्यातले; वडील जॉन चेफी यांच्या निधनानंतर त्यांच्याच रिकाम्या जागी त्यांची नेमणूक झाली होती. वारशाचे मोल ज्याला घरातूनच ठाऊक होते, अशा माणसाने वारशावरचा कर राखण्यासाठी पक्षाचा रोष पत्करावा, ही त्या दशकातील मोलाची घटना आहे.

कर कायमचा रद्द करण्याचा प्रयत्न जून २००२ मध्ये ५४ विरुद्ध ४४ मतांवर अडला. ८ जून २००६ रोजी तोच प्रयत्न पुन्हा झाला, तेव्हा साठऐवजी ५७ मते पडली. मॅक्स बॉकस, ब्लँच लिंकन, बेन नेल्सन आणि बिल नेल्सन हे चार डेमोक्रॅट रद्द करण्याच्या बाजूने गेले, तर चेफी आणि ओहायोचे जॉर्ज व्हॉइनोविच हे दोन रिपब्लिकन विरुद्ध बाजूला आले. देश इराकमध्ये युद्ध लढत असताना आणि तूट वाढत असताना सर्वांत संपन्न घराण्यांना सवलत देणे बेजबाबदारपणाचे आहे, अशी व्हॉइनोविच यांची भूमिका होती. मग पक्षनेतृत्वाने वेगळा डाव टाकला : किमान वेतन ताशी ५.१५ डॉलरवरून ७.२५ डॉलरवर नेण्याची तरतूद आणि संपदा करातील मोठी कपात एकाच विधेयकात बांधली, म्हणजे मजुराच्या वाढीला विरोध केल्याचा ठपका टाळायचा असेल तर वारसदाराची सवलतही मान्य करावी लागेल. ३ ऑगस्टला हाही डाव फसला. नोव्हेंबरमध्ये चेफी निवडणूक हरले आणि पुढील वर्षी पक्षाबाहेर पडले.

बंडखोरी नेहमी कराच्या बाजूनेच झाली, असे मात्र नाही. एप्रिल २००९ मध्ये ब्लँच लिंकन आणि रिपब्लिकन जॉन काइल यांनी पन्नास लाख डॉलर सूट आणि ३५ टक्के दर सुचवणारी दुरुस्ती आणली, ती दहा डेमोक्रॅटांच्या साथीने ५१ विरुद्ध ४८ मतांनी संमत झाली. तडजोड वेळेत झाली नाही म्हणून २०१० साली संपदा कर खरोखरच नाहीसा झाला आणि टेक्सासचे अब्जाधीश डॅन डंकन व न्यूयॉर्क यँकीज संघाचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांच्यासारख्यांच्या मालमत्ता त्याविना वारसांकडे जाऊ शकल्या. त्या डिसेंबरात कर परतला, तो लिंकन-काइल यांच्याच आकड्यांसह. त्यानंतरची वर्षे उताराचीच आहेत. २०१७ मध्ये कर रद्द करण्यास कॉलिन्स यांनी जाहीर नापसंती दर्शवली, हा त्या परंपरेचा अखेरचा ठळक अवशेष. कर टिकला, पण सूट दुप्पट झाली.

भारतात या दोन गोष्टींची, म्हणजे वारसा संपत्तीवरील कराची आणि सभागृहातील मतभेदाची, गाठ १९८५ साली एकाच महिन्यात पडली. महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ मध्ये संपदा शुल्क लागू झाले. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडणारे ते हेच चिंतामणराव. पक्षादेश, म्हणजे व्हिप, मोडून मत देणाऱ्याचे सदस्यत्व काढून घेणारी पक्षांतरबंदी १ मार्च १९८५ पासून अमलात आली आणि १६ मार्चपासून होणाऱ्या मृत्यूंना संपदा शुल्कातून मुक्तता मिळाली. अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी कारण दिले ते वीस कोटींच्या तुटपुंज्या वसुलीचे आणि वसुलीवरील खर्चाचे. काँग्रेसचे बहुमत इतके प्रचंड होते की बंडखोरांनी ते शुल्क वाचवले असते, असे म्हणता येत नाही. परंतु त्या महिन्यापासून विरोधी मत देण्याची किंमतच खासदारकी झाली. एप्रिल २०२४ मध्ये काँग्रेसचे सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतील वारसा कराचा नुसता उल्लेख केला, तर त्यांच्याच पक्षाला घाईघाईने हात झटकावे लागले. केंद्रसूचीतील ८७ व्या नोंदीत संपदा शुल्काचा अधिकार आजही संसदेकडे आहे. तो वापरावा की नाही यावर मोकळेपणाने मत देण्याची मुभा मात्र सदस्याकडे नाही.

चेफी आणि व्हॉइनोविच यांचे मत जेवढे मोलाचे, तेवढेच ब्लँच लिंकन यांचे चुकीचे वाटणारे मतही लोकशाहीच्या दृष्टीने आवश्यक होते, कारण दोन्ही बाजूंचे सदस्य आपापल्या नावानिशी मतदारांना उत्तरदायी राहिले. जन्माने मिळालेली संपत्ती किती राखू द्यायची, हा समतेचा मूलभूत प्रश्न आहे, आणि तो पक्षकार्यालयात ठरवून सभागृहात केवळ मोजला जात असेल, तर संपत्तीच्या बाजूचे पारडे आपोआप जड होते. वारशावरचा कर पुन्हा न्याय्य रीतीने आणायचा, तर पक्षाविरुद्ध मत देऊनही जागा न गमावणारा लोकप्रतिनिधी आधी परत यायला हवा.