रबराच्या चकतीचा हिशेब

राष्ट्रीय धोरणाचे यशापयश सामान्यतः कोट्यवधी रुपयांच्या भाषेत सांगितले जाते. त्याची किंमत मात्र पुष्कळदा एखाद्या क्षुल्लक वस्तूच्या रूपाने सामान्य माणसाच्या दारात येऊन उभी राहते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या धोरणाच्या बाबतीत ही वस्तू म्हणजे वाहनाच्या इंधनमार्गात बसविलेली रबराची चकती होय.

जानेवारी २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाने या धोरणाचा आरंभ झाला. जून २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. खनिज तेलाच्या आयातीत बचत व्हावी, साखर कारखान्यांना दुसरे उत्पन्न मिळावे आणि ऊस उत्पादकाची थकबाकी वेळेवर चुकती व्हावी, हे हेतू स्तुत्यच आहेत. प्रश्न हेतूंचा नसून खर्चाच्या वाटणीचा आहे.

रबर वरवर अभेद्य दिसले तरी ते लांबलचक रेणुसाखळ्यांचे जाळे असते. स्वतःच्या प्रकृतीशी जुळणारा द्रव भेटला की तो या जाळ्यात शिरतो आणि रबर फुगते. नैसर्गिक रबर पेट्रोलमध्ये असेच फुगते; म्हणून वाहनांत नायट्राइल रबर वापरण्याची प्रथा पडली. पेट्रोलशी त्याचे फारसे जमत नाही, हाच त्याचा गुण. परंतु इथेनॉलची प्रकृती पेट्रोलहून भिन्न आहे. दोहोंचे मिश्रण नायट्राइल रबराला निव्वळ पेट्रोलपेक्षा अधिक फुगवते. फुगलेले रबर मऊ पडते आणि त्याला लवचिक ठेवणारी द्रव्ये इंधनात झिरपून जातात. पुढे गाडी बराच काळ उभी राहून इंधन सुकले की तीच चकती आकसते, कडक होते आणि तिला चिरा पडतात. तेथून पेट्रोल पाझरू लागते. हा दोष दूर करण्यासाठी गॅरेजमध्ये मिळणारी सफाईद्रव्याची बाटली टाकीत ओतण्याचा मोह अनेकांना होतो. पण फाटलेले रबर कोणतेही औषध सांधू शकत नाही, आणि तीव्र द्रावकांचा अतिरेक उरलेल्या रबरालाही बाधतो.

फ्लोरोकार्बन रबर हे मिश्रण बरेच चांगले सोसते. पण ते महाग असते. एप्रिल २०२३ नंतरच्या वाहनांत नव्या मिश्रणास अनुरूप सामग्री आली. त्यापूर्वीच्या वाहनांचे काय? २०,००० ते ३०,००० किलोमीटर चालल्यावर काही जुन्या वाहनांचे रबरी भाग बदलावे लागतील आणि तो खर्च अल्प असेल, असे पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितले. खर्च अल्प असेलही. परंतु तो कोणी सोसायचा, याचे उत्तर त्यात नाही.

शिवाय एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने काही जुन्या मोटारींची इंधनक्षमता ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज दिला होता आणि अशा इंधनाची किंमत त्या मानाने कमी ठेवावी, असे सुचविले होते. २०२५ मध्ये मिश्रण वाढले; दर मात्र उतरला नाही. इथेनॉलची खरेदीच महाग पडते, हे सरकारचे उत्तर. ते खरे मानले, तर लाभ राष्ट्राचा आणि तूट ग्राहकाची, असाच अर्थ निघतो.

ब्राझीलने १९७५ पासून हाच मार्ग चोखाळला. तेथे पंपावर पेट्रोलमिश्रण आणि इथेनॉल शेजारी-शेजारी मिळतात. २००३ पासून दोन्हींवर चालणाऱ्या मोटारीही आल्या. भाव पाहून कोणते इंधन घ्यायचे, हे तेथील ग्राहक ठरवितो. आपल्याकडे ही निवड नसेल, तर निदान भरपाई हवी. जुन्या वाहनांसाठी कमी मिश्रणाचे पेट्रोल उपलब्ध ठेवणे, कोणत्या वाहनात कोणते रबर आहे हे उत्पादकांनी जाहीर करणे आणि ऊर्जेच्या प्रमाणात दर ठरविणे, या मागण्या अवाजवी नाहीत.

हप्ते फेडून घेतलेली स्कूटर पंधरा वर्षे जपणारा कारकून किंवा शिक्षक धोरणाचा शत्रू नव्हे. त्याच्या खिशातून गेलेले चार पैसे राष्ट्रीय बचतीच्या ताळेबंदात खर्चाच्या बाजूला मांडले जावेत, एवढीच त्याची अपेक्षा आहे.