उमेदवारीचे १२० तास

"सर, मराठी घेऊन एम. ए. करणारी मुलगी वळच्या गोदामात जाऊन काय शिकणार?"

एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी असे विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एम. ए.च्या पहिल्या वर्षी चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण करावे लागते. तास भरतात १२०. वर्तमानपत्रे, प्रकाशनगृहे अशी मराठीशी सोयरीक सांगणारी ठिकाणे भिवंडीत कितीशी असणार? गोदामे मात्र हवी तितकी! मुंबईच्या जकात-हद्दीबाहेर, पण नाशिकचा महामार्ग हाताशी. म्हणून वळ, पूर्णा, दापोडे या पट्ट्यात भाताच्या खाचरांवर पत्र्याची छपरे चढली. मुंबईची जकात २०१७ साली गेली, गोदामे राहिली. वाचकहो, आपल्या घरी आलेले दिवाळीचे खोकेही कदाचित तेथूनच निघाले असेल.

त्याच्या आदल्या वर्षी मी एक चूक करून बसलो होतो. एका गोदामाला पत्र लिहिले, होकार आला, मुलगा पाठवला. तो १२० तास खोक्यांवरच्या चिठ्ठ्या मोजत बसला. अहवालात लिहिले, 'मला वक्तशीरपणाचे महत्त्व पटले.' मी गुण दिले आणि घरी येऊन स्वतःवरच चिडलो. गोदामाला फुकटचे दोन हात मिळाले, मला सहीशिक्क्याचा कागद मिळाला. मुलाला काय मिळाले?

आपल्या जुन्या भाषेत याला 'उमेदवारी' म्हणत. सुताराकडचा उमेदवार आधी भुसा झाडी हे खरे, पण कधी ना कधी रंधा त्याच्या हाती येई, आणि फळी बिघडली की उस्तादाची बोलणीही खावी लागत. आमच्या मुलाला बोलणी खाण्याचे भाग्यसुद्धा लाभले नव्हते!

म्हणून या खेपेला मी आधी स्वतः वळला गेलो. सुपरवायझरबरोबर दोन कप चहा झाल्यावर त्यांची खरी अडचण बाहेर आली. भिंतीवरच्या सूचना इंग्रजीत; हमाल त्या वाचत नाहीत आणि पाठी धरून बसतात. हेच काम मुलीला दिले. तिने लिहिले, 'अवजड वस्तू उचलताना कटिभागावर अनावश्यक ताण येणार नाही याची दक्षता घ्यावी.' एका वयस्क हमालाने ते दोनदा वाचले. "म्हणजे नक्की काय करायचं, ताई?"

पोरगी रडवेली झाली. मग आठवडाभर माल उतरतो तेथे उभी राहून ती नुसती ऐकत होती. शेवटी पाटी झाली: 'आधी गुडघे वाकवा. खोके अंगाशी धरा. मग उठा.' इतकी वर्षे मी शैलीविचार शिकवतो आहे. पण हा धडा माझ्या टिपणांत नाही.

पैशांचे म्हणाल, तर रिक्षाभाड्यासाठीही मला तीन खेपा घालाव्या लागल्या. राज्य सरकारने २०२४ साली काढलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरले; श्रेयांकांसाठी राबणाऱ्या आमच्या मुलांच्या वाट्याला मात्र बहुधा प्रमाणपत्र येते. कर्मवीर भाऊरावांच्या 'कमवा आणि शिका'मध्ये 'कमवा' हा शब्द आधी आहे, बरे का!

पाटी लागली त्या दिवशी वडील मुद्दाम बघायला आले. यंत्रमागावर आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी ती मोठ्याने वाचली, पुन्हा वाचली.

"सर," ते म्हणाले, "खाली हिचं नाव का नाही घातलं?"

याचेही उत्तर माझ्याजवळ नव्हते.