कॅम, टॉर्क कन्व्हर्टर आणि आपली लोडची गाडी : आधी गाडी कुठल्या आरपीएमला राबते ते पाहा

आपल्या समाजात कितीतरी घरांची रोजीरोटी टायरवर चालते. कुणाची पिकअप आहे, कुणाचा आयशर, कुणाचं गॅरेज. त्यामुळे इंजिन काम निघालं की घरात मसला उभा राहतो : हेड खोललंच आहे तर कॅमही बदलून टाकायचा का? हल्ली त्यात मोबाईलची भर पडली आहे. अमेरिकन ट्रकचे व्हिडिओ पाहून मुलं विचारतात, “सर, तो ट्रक उभ्या उभ्या असा गडगडतो, तसा आपल्या गाडीला कॅम टाकता येतो का?” टाकता येतो की नाही हे नंतर. कॅम करतो काय, ते आधी पाहू.

कॅमशाफ्ट म्हणजे अंड्याच्या आकाराचे उंचवटे असलेला दांडा. क्रँक दोन फेरे फिरला की कॅम एक फेरा फिरतो. म्हणजे काटा २००० आरपीएमवर असेल तर कॅम १००० वर. त्याचं काम एवढंच : वॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा. किती उघडला त्याला लिफ्ट म्हणतात, किती वेळ उघडा राहिला त्याला ड्युरेशन, आणि ते अंशांत मोजतात.

सगळी गंमत या ड्युरेशनमध्ये आहे. माळीवाडा स्टँडवर एसटी लागली आहे असं समजा. गर्दी जोरात आत घुसत असेल तर दार थोडा वेळ जास्त उघडं ठेवलं की अजून पाच-दहा माणसं आत येतात. पण गर्दीला जोरच नसेल आणि दार उघडंच राहिलं, तर आत बसलेलेही पाय उतार होतात. इंजिनचं तसंच आहे. इंजिन वेगात असताना हवेला जोर असतो, इनटेक वॉल्व्ह उशिरा मिटला तरी हवा आत येतच राहते. कमी आरपीएमला तो जोर नसतो. पिस्टन वर येऊ लागतो, वॉल्व्ह अजून उघडाच, आणि आत आलेली हवा परत बाहेर ढकलली जाते. म्हणून मोठा कॅम वरच्या आरपीएमला ताकद देतो आणि ती खालून काढून घेतो. फुकट काही मिळत नाही.

त्या गडगडाटाचं कारणही इथेच आहे. मोठ्या कॅममध्ये एक्झॉस्ट आणि इनटेक, दोन्ही वॉल्व्ह थोडा वेळ एकदम उघडे असतात. गाडी उभी असताना जळलेला धूर त्या फटीतून मागे येतो, ताजं मिश्रण खराब होतं आणि इंजिन अडखळत चालतं. मुलांना जो आवाज ‘भारी’ वाटतो तो खरं तर इंजिनचं अडखळणं आहे. आणखी एक गोष्ट, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पेट्रोल इंजिनात ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इनटेकमधून येतो. असा कॅम टाकला की तो व्हॅक्यूम कमी होतो आणि ब्रेकचं पेडल जड लागू लागतं. माळशेज उतरताना हे किती महागात पडेल, सांगायला नको.

आता टॉर्क कन्व्हर्टर. आपल्या बहुतेक लोडच्या गाड्यांत तो नसतो, तिथे क्लच प्लेट असते. पण आपण तो रोज पाहतो, कारण जेसीबीच्या बॅकहोमध्ये तोच असतो. म्हणून तर जेसीबी ढिगाऱ्याला टेकून पूर्ण रेस घेतो तरी क्लच जळाल्याचा वास येत नाही. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एक चालू करा. दुसरा त्याच्या वाऱ्याने फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिनकडचा पंखा तेल फेकतो, गिअरबॉक्सकडचा पंखा त्याने फिरतो. मधे स्टेटर नावाचा तिसरा भाग परतणाऱ्या तेलाला योग्य दिशेने वळवतो. त्यामुळे गाडी जागेवरून उचलताना इंजिनचा टॉर्क जवळपास दुप्पट होऊन पुढे जातो.

ब्रेक दाबून, गाडी हलू न देता पूर्ण रेस दिली तर इंजिन ज्या आरपीएमवर अडकतं, तो स्टॉल स्पीड. (घरी करून पाहू नका, काही सेकंदांत तेल तापतं.) कॅम आणि कन्व्हर्टर यांची सोयरीक जुळते ती या आकड्यावर. कॅम २५०० नंतर जागा होतो आणि स्टॉल १६०० चा, तर गाडी सिग्नलवरून ढिम्म उठणार. उलट कॅम १२०० पासूनच ओढणारा आणि स्टॉल ३००० चा, तर ओढीऐवजी नुसतं घसरणं, तेल तापणं आणि डिझेल-पेट्रोलची नासाडी. अमेरिकेतल्या ५.७ लिटर व्ही-एट पेट्रोल इंजिनात, पन्नास थाऊ लिफ्टवर मोजलेलं ड्युरेशन साधारण २००-२१५ अंश असेल तर कंपनीचा कन्व्हर्टर निभावून नेतो. २३० च्या पुढे गेलं की जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर घ्यावाच लागतो, सोबत मागच्या एक्सलचा क्राऊन-पिनियनही बदलावा लागतो. म्हणजे एका हौसेपायी तीन खर्च. मोठे टायर टाकले तर गाडीला गिअर उंच पडल्यासारखं होतं, तो हिशेब वेगळा.

मग आपल्या नगर जिल्ह्यातली गाडी कुठे राबते? घोडेगावहून कांदा भरून इमामपूर घाट चढणारी पिकअप सेकंड-थर्डमध्ये, कमी आरपीएमला, ओढत असते. बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं डिझेल इंजिन घ्या. त्याचा २०० न्यूटन-मीटर टॉर्क १४०० ते २२०० आरपीएममध्ये मिळतो, आणि तो बरोबर तिथेच हवा आहे. आमचं मत स्पष्ट आहे : अशा डिझेल गाडीला ‘परफॉर्मन्स’ कॅम हा विषयच नाही. डिझेलमध्ये पिस्टन वर असताना वॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर फार थोडं असतं, भलता कॅम टाकला तर दोघांची टक्कर होते. टर्बो आणि इंजिनचा कॉम्प्युटर हेही मूळ कॅमच्या हिशेबाने बसवलेले असतात.

डिझेलवाल्यासमोर खरी निवड असते ती ओरिजिनल कॅम की डुप्लिकेट, आणि जुना चालेल की नाही. ते आवाजावर ठरवू नये. मिस्त्रीला डायल गेज लावून प्रत्येक उंचवट्याची लिफ्ट मोजायला सांगा आणि कंपनीच्या मापाशी ताडून पाहा. एखादा उंचवटा झिजला असेल तर त्या सिलिंडरला हवा कमी पडते, गाडी काळा धूर सोडते, ॲव्हरेज घसरतं, आणि दोष बिचाऱ्या नोझलवर जातो. नवा कॅम टाकताना जुने टॅपेट परत बसवू नका. शंभर-दोनशे रुपये वाचवायला गेलेला जुना टॅपेट नवा कॅम खाऊन टाकतो.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी एक खुलासा. ‘ऑटोमॅटिक’ म्हटलं की टॉर्क कन्व्हर्टरच असेल असं नाही. एएमटीमध्ये तीच क्लच प्लेट असते, फक्त ती पायाऐवजी यंत्र दाबतं. घाटात ट्रॅफिक तुंबलं आणि गाडी इंचाइंचाने सरकली की एएमटीची प्लेट तापते. कन्व्हर्टर असलेली गाडी हे सहन करते. टोयोटा हायलक्सचं उदाहरण पाहा. २.८ लिटरचं तेच इंजिन मॅन्युअलला ४२० न्यूटन-मीटर देतं आणि कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकला ५००. किंमत मात्र कांदा वाहणाऱ्याच्या खिशाची नाही, हेही खरं. त्याच्यासाठी मॅन्युअलच बरी. चढावर हाफ क्लचवर गाडी रोखून धरायची नाही, हँडब्रेक ओढायचा.

इंजिनच दुसरं बसवायचं मनात असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल चालत नाही. बेकायदा बदलाला कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर इंजिन नंबरही पाहतो.