दगडाबरोबर आलेली मंडळी

घरी समुद्री मत्स्यालय असलेल्या पुण्याच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. रात्री टाकीतला दिवा मालवला की दगडाच्या भोकातून एक गुलाबी किडा अर्धामुर्धा बाहेर येतो, त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या केसांचे झुपके आहेत, आणि टॉर्च मारला की तो झटक्यात आत जातो. हा आपण विकत आणलेला नाही, मग आला कुठून, असं त्यांनी विचारलं आहे. आणि पुढे : दगड बाहेर काढून गोड्या पाण्यात बुडवू, की उकळून घेऊ?

दोन्ही करू नका. उकळणं तर अजिबात नको. त्याचं कारण पुढे येईल.

किडा दगडातूनच आला. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा दगड हा मेलेल्या प्रवाळांचा सांगाडा असतो. लाटांनी मोडलेला, वर्षानुवर्षं समुद्रतळाशी पडलेला, स्पंज आणि शिंपल्यांनी पोखरून चाळण झालेला. त्या भोकाभोकांत किडे, झिंगे, खेकडे, गोगलगायी, नाजूक ठिसूळतारे मुक्कामाला असतात. परदेशातून ओल्या कागदात गुंडाळलेला दगड विमानाने निघतो, तेव्हा त्यातले काही वाटेत मरतात. पण पुष्कळसे जगतात आणि टाकीत उतरतात.

आणि पैसे मोजायचे ते याच भाडेकरूंसाठी. माशांनी सोडलेला अमोनिया दगडाच्या पृष्ठभागावरचे जीवाणू आधी नायट्राइटमध्ये, मग नायट्रेटमध्ये बदलतात. खोल छिद्रांत, जिथे ऑक्सिजन जेमतेम पोचतो, तिथे दुसरे जीवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. जिवंत दगडाच्या भरवशावर टाकी चालते, हे जगाला दाखवून दिलं जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी. युरोप-अमेरिकेतले शौकीन तेव्हा टाकीत धुऊन पांढरेफटक केलेले प्रवाळ शोभेला ठेवत. ली यांनी १९६१ मध्ये ‘ट्रॉपिकल फिश हॉबिइस्ट’ या अमेरिकन मासिकात आपली रीत मांडली : समुद्राचं पाणी, समुद्रातला जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे. बाकी काही नाही. पुढे कित्येक वर्षांनी जिवंत दगडाला फेस काढणाऱ्या यंत्राची जोड मिळाली आणि ती रीत ‘बर्लिन पद्धत’ म्हणून गाजली. ली यांचं नाव आज फार थोड्यांना माहीत आहे, आणि ते मला खटकतं.

आता पत्रातल्या किड्याकडे. शाळेत आपण गांडूळ, जळू आणि नेरीस शिकलो, त्याच वलयांकित प्राण्यांच्या संघातला हा. वर्णनावरून तो अग्निकृमींच्या कुळातला दिसतो. त्याचे पांढरे केस पोकळ आणि ठिसूळ असतात. बोट लागलं की निवडुंगाच्या कुसांसारखे कातडीत मोडून राहतात आणि आग होते. म्हणून हातमोजे घाला. एवढी काळजी घेतली की त्याच्याकडून फायदाच फायदा आहे. माशांचं उरलेलं खाणं, मेलेली गोगलगाय, फटीत सडणारा कचरा, जिथे तुमचा हात पोचत नाही तिथे तो पोचतो. मेलेल्या माशावर हे किडे दिसतात म्हणून त्यांनीच मासा मारला असं पुष्कळजण समजतात. बहुतेक वेळा मासा आधीच मेलेला असतो. गोड्या पाण्यात दगड बुडवलात तर किडे भोकातच मरतील, तिथेच सडतील, आणि तो अमोनिया माशांच्या जिवावर उठेल.

खरा शिकारी किडाही दगडातून येऊ शकतो, हे मात्र मान्य केलं पाहिजे. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या न्यूकी इथल्या मत्स्यालयात २००९ साली प्रवाळं मधोमध तुटलेली सापडू लागली, मासे जखमी होऊ लागले. सापळे लावले, ते निकामी झाले. शेवटी एकेक दगड काढून टाकी रिकामी केली, तेव्हा चार फूट लांबीचा किडा हाती लागला. कर्मचाऱ्यांनी त्याचं नाव बॅरी ठेवलं आणि वर्तमानपत्रांनी राक्षस. तो युनिस कुळातला होता. त्या कुळातल्या एका जातीचा तीन मीटरला जेमतेम एक सेंटिमीटर कमी असा नमुना त्याच वर्षी जपानच्या शिराहामा इथल्या बंदरात, तराफ्याच्या तरंगत्या ठोकळ्यात सापडला. त्याच्या शरीराला ६७३ वलयं होती! डोक्यावर पाच मिशा आणि अंगावर इंद्रधनुषी चमक असेल तर किडा या कुळातला समजा आणि चिमट्याने बाहेर काढा. पण एका बॅरीवरून दगडातल्या सगळ्या किड्यांना राक्षस ठरवणाऱ्या मथळ्यांनी शौकिनांच्या हातून किती निरुपद्रवी जीव मारवले असतील, याचा विचार अस्वस्थ करतो.

भीती बाळगायची तर ती दगडावर बटणाएवढ्या फुलांच्या ताटव्यासारख्या दिसणाऱ्या झोअँथिडांची. त्यांच्यातल्या पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या अतिशय जहाल विषांपैकी एक. हवाईतल्या माउई बेटावर हाना भागात एका खडकातल्या डबक्याची जागा स्थानिक लोक गुप्त ठेवत. तिथल्या जीवाने भाल्याचं टोक माखलं की जखम प्राणघातक होते, अशी समजूत होती. शास्त्रज्ञ तिथे पोचले आणि समजूत खरी निघाली. रिचर्ड मूर आणि पॉल श्यूअर यांनी ते विष १९७१ मध्ये वेगळं केल्याचं जाहीर केलं. दगड उकळला की हे विष वाफेबरोबर हवेत पसरतं. इंग्लंडमध्येच, ऑक्सफर्डशायरच्या स्टिव्हन्टन गावात, २०१८ साली टाकीतलं प्रवाळ साफ करताना एक कुटुंब आजारी पडलं आणि मदतीला आलेल्यांपैकी काहीजणांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. उकळू नका म्हटलं ते यासाठी.

शौकिनांचा सर्वात मोठा राग असतो तो एप्टेशिया नावाच्या छोट्या, पारदर्शक समुद्रफुलावर. खरवडून काढलं तर राहिलेल्या कणातून पुन्हा उगवतं. नेमक्या याच चिवटपणामुळे ते प्रयोगशाळेत लाडकं आहे. प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल याच्याही पेशींत राहतं, पण ते शैवाल काढून घेतलं तरी हे जगतं, आणि याला चुन्याचा सांगाडा नसल्याने हाताळायला सोपं. समुद्र तापला की प्रवाळं पांढरी का पडतात, हे समजून घेण्यासाठी जगभर त्याच्यावर काम चाललं आहे. त्याचा जनुकसंच २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण टाकीत न बोलावता आलेल्यांत माझा सर्वात आवडता जीव वेगळा आहे. १८८३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात, समुद्रापासून दूर, फ्रान्झ आइल्हार्ड शुल्झ या प्राणिशास्त्रज्ञाला समुद्री पाण्याच्या टाकीच्या काचेवर एक फिकट ठिपका सरकताना दिसला. दोनेक मिलिमीटरचा, पापडीसारखा चपटा, क्षणोक्षणी आकार बदलणारा. तोंड नाही, पोट नाही, स्नायू नाहीत, मज्जातंतू नाहीत. डावं-उजवं नाही, फक्त वरची बाजू आणि खालची बाजू. तो शेवाळाच्या थरावर पसरतो, अंगाखाली पाचकरस सोडतो आणि तिथेच पचवून शोषून घेतो. पोट नसलेला प्राणी जेवणापुरतं पोट तयार करतो! शुल्झने त्याचं नाव ट्रायकोप्लॅक्स ठेवलं आणि हा कुठल्याही ओळखीच्या गटात बसत नाही, असं स्पष्ट सांगितलं.

मग १९०७ मध्ये थिलो क्रुम्बाख यांनी लिहिलं की हा स्वतंत्र प्राणी नव्हेच, एका हायड्रोझोआची बदललेली अळी आहे. आधार काय, तर त्यांच्या टाकीत त्या अळ्या होत्या आणि ट्रायकोप्लॅक्सही होते. शुल्झने १९१४ मध्ये हरकत घेतली. पण पाठ्यपुस्तकांत क्रुम्बाख यांचंच मत उतरलं. पुढे क्रुम्बाख प्राणिशास्त्राच्या एका मोठ्या जर्मन ग्रंथमालेचे संपादकही झाले. शुल्झ १९२१ मध्ये वारले. कार्ल ग्रेल यांनी १९७१ मध्ये ट्रायकोप्लॅक्ससाठी प्लॅकोझोआ हा नवा संघ स्थापन केला, तोवर अर्धशतकाहून अधिक काळ प्राणिसृष्टीतला एक अख्खा संघ कुणाची तरी अळी म्हणून बाजूला पडून होता. शुल्झ हे काचस्पंजांचे मोठे जाणकार. हिंदी महासागरात ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजाने गोळा केलेल्या काचस्पंजांवरचा त्यांचा ग्रंथ १९०२ मध्ये कोलकात्यातून निघाला. एवढ्या जाणत्या माणसाने डोळ्यांनी पाहून लिहिलेलं एका घाईच्या तर्कापुढे टिकू नये, याचं मला आजही वाईट वाटतं.

ट्रायकोप्लॅक्सचा जनुकसंच २००८ मध्ये वाचला गेला : सुमारे साडेअकरा हजार जनुकं, आणि त्यांत मज्जापेशींच्या कामाशी जोडलेलीही कित्येक, मज्जापेशी नसताना! त्यावरून ‘सर्व प्राण्यांचा पूर्वज सापडला’ असं काही ठिकाणी छापून आलं. ते खरं नाही. तो आजचा प्राणी आहे, आपल्याइतकाच उत्क्रांत झालेला. प्राण्यांच्या वंशवृक्षावर त्याची फांदी नेमकी कुठे, यावर वाद चालू आहे. तो उष्ण समुद्रांत सर्वदूर आढळतो आणि दगडाबरोबर टाक्यांत येतो. जुन्या टाकीत काचेची पट्टी काही दिवस लोंबकळत ठेवा आणि भिंगाखाली पाहा; तो तुमच्याकडेही असू शकतो.

एक गोष्ट मात्र दुकानात विचारून घ्या : दगड कुठला? भारतातली दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. परदेशातून येणाऱ्या जिवंत दगडालाही आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत. फ्लोरिडात समुद्रातून असा दगड काढणं थांबवलं, तेव्हा तिथल्या लोकांनी साधा चुनखडक समुद्रात ठेवून तो वसवायला सुरुवात केली. आपल्यालाही कोरडा दगड आणि मित्राच्या जुन्या टाकीतला एक छोटा तुकडा पुरतो. वस्ती हळूहळू पसरते. मालवणचा किंवा लक्षद्वीपचा प्रवाळाचा दगड कोणी देऊ केला तर घेऊ नका आणि वनविभागाला कळवा. तो काढणंही गुन्हा आहे आणि विकणंही.